आबांची मेडल्स फ्रेम करून घेतली, कॅम्पातल्या मिलिटरी टेलरच्या दुकानाचा सविस्तर अनुभव

घाईत असाल तर एवढंच वाचा. घरात आजोबांची नाहीतर वडिलांची मेडल्स डब्यात पडून असतील आणि ती नीट बसवून घ्यायची असतील तर इथे द्या. काम एक नंबर, हिशोब चोख, मेडल हरवायची भीती नाही. पण तारीख पाळत नाहीत आणि फोन क्वचित उचलतात, त्यामुळे हातात निदान दोन महिने ठेवून जा. मी पाचपैकी साडेचार देतोय, अर्धा कापला तो वेळेसाठी. बाकीचं ज्यांना सवड आहे त्यांच्यासाठी, आणि थोडं माझ्यासाठी पण.

आमचे आबा म्हणजे माझे आजोबा, ऑक्टोबर २०२४ ला गेले, ९२ वर्षांचे होऊन. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, अपशिंगे मिलिटरीपासून फार लांब नाही, त्या भागात कुठल्याही घरी जा, भिंतीवर एक तरी फोटो वर्दीतला सापडतोच. अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, त्यांचा स्तंभ आहे तिथे, आबा लहानपणी तो बघतच मोठे झाले. १९५१ ला बेळगावला जाऊन भरती झाले, मराठा लाईट इन्फंट्री, आणि १९७९ ला सुभेदार म्हणून पेन्शनवर आले. २८ वर्षं नोकरी आणि मग ४५ वर्षं पेन्शन. हा ४५ चा आकडा मी मुद्दाम लिहितोय, का ते पुढे येईल.

मेडल्स कुठे होती तर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, रुमालात गुंडाळून, आणि तो डबा त्यांच्या काळ्या ट्रंकेत ज्याच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर लिहिलाय. वर्षातून दोनदा बाहेर यायची, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट, आदल्या रात्री आबा ओट्यावर बसून ब्रासो लावून घासायचे. नंतर त्यांचे हात कापायला लागल्यावर आत्या घासायची, ती पितांबरीनं, भांडी घासतात तशी जोर लावून. वर्षश्राद्धाच्या आत सगळी एका फ्रेममध्ये नीट लावून आजीच्या खोलीत अडकवायची असं मी ठरवलं आणि शोध सुरू केला.

आधी घराजवळच्या नेहमीच्या फोटोफ्रेमवाल्याकडे गेलो होतो. तो म्हणाला सोपं आहे, लाल मखमल लावू, मागून फेविक्विकनं चिकटवू, परवा घेऊन जा. मी जवळपास देऊन टाकणार होतो. तेवढ्यात ऑफिसमधल्या एकानं, ज्याचे वडील एअरफोर्सला होते, त्यानं मला थांबवलं आणि हे दुकान सांगितलं.

दुकान कॅम्पात आतल्या गल्लीत आहे, बाहेरून बघितलं तर वाटतं बंदच असेल. आत गेलात की भिंतभर रिबिनीचे रोल, सगळ्या रंगांचे, ब्लेझरवर लावायचे क्रेस्ट, नेमप्लेटी, बेरे टोप्या, आणि मध्ये शिलाई मशीनवर एक कारागीर. मालक साठीच्या पुढचे, त्यांचे वडील पण हेच काम करायचे. मी डबा उघडून काउंटरवर ठेवला तर त्यांनी आधी हात पुसले, एक जाड कापड अंथरलं आणि मग एकेक मेडल उचललं. मला विचारलं, "साहेबांचा रँक काय?" मी म्हटलं सुभेदार होते. तिथपासून शेवटपर्यंत हा माणूस "सुभेदार साहेबांचं काम" असंच म्हणत राहिला, कधी "तुमची फ्रेम" म्हणाला नाही.

पहिली गोष्ट जी मला फार आवडली ती नोंद. प्रत्येक मेडलचा दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढला, भिंग लावून कडेवरची अक्षरं वाचली आणि रजिस्टरमध्ये लिहून घेतली, मग त्याची कॉपी मला दिली. मला तोवर माहितीच नव्हतं की मेडलच्या जाड कडेवर नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं. चाळीस वर्षं घरात वस्तू आहे आणि कोणी आडवी धरून बघितली नाही. आणि इथेच मी घाबरलो, कारण दोन मेडल्सवर वेगळाच नंबर निघाला. आडनाव तेच, नंबर वेगळा. मला वाटलं कुणा दुसऱ्याचं मेडल आपल्याकडे आलंय, आमच्या गावात त्याच आडनावाचे पलटणीत चारपाच जण होते. मालक म्हणाले, घाबरू नका, हे सुभेदार साहेबांचंच आहे. जवान असताना एक नंबर असतो आणि जेसीओ झाला, म्हणजे नायब सुभेदार, सुभेदार असा रँक आला, की नवीन नंबर मिळतो, त्याच्या पुढे जेसी लागतं. मग त्यांनी सगळी मेडल्स ओळीनं मांडली आणि कडेवरचे रँक मला वाचून दाखवले, ६५ च्या रक्षा मेडलवर हवालदार, ७१ च्या संग्राम मेडलवर नायब सुभेदार आणि जेसी नंबर. मी उभा होतो तिथेच स्टुलावर बसलो. आबांच्या बढत्या आम्ही कधी विचारल्या नव्हत्या, त्यांनी सांगितल्या नव्हत्या, आणि हे सगळं त्या डब्यात होतं.

दुसरं, त्यांनी स्पष्ट सांगितलं की आजपासून ब्रासो बंद, पितांबरी तर नाहीच नाही. घासून घासून नऊ वर्षांच्या नोकरीबद्दल मिळणाऱ्या लाँग सर्व्हिस मेडलची कड इतकी गुळगुळीत झालीय की नावातली दोन अक्षरं जवळजवळ गेलीत. काळपटपणा आला तरी चालेल, मऊ सुक्या कापडानं पुसायचं बस. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण माझ्या ओळखीच्या प्रत्येक फौजी घरात २५ जानेवारीच्या रात्री हेच चालतं. कृपा करून थांबवा. चकाकी दिसते, पण नाव जातं.

आता क्रम. मेडल कुठलं आधी कुठलं नंतर याचा सरकारी क्रम ठरलेला असतो, छातीच्या मध्याच्या बाजूला सगळ्यात वरचं, म्हणजे समोरून बघणाऱ्याला डावीकडून सुरुवात. आबांचा क्रम असा लागला: पूर्वी स्टार, म्हणजे ७१ च्या युद्धात पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांना मिळालेला तारा, मग रक्षा मेडल, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल ज्याच्यावर जम्मू काश्मीरची पट्टी आहे, मग स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, मग वीस वर्षांचं आणि शेवटी नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस. एकूण सात. पण डब्यात सहाच होती. पहिलंच नव्हतं.

पूर्वी स्टार मी हरवला. १९९३ ची २६ जानेवारी, मी चौथीत, झेडपीच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा होती आणि मी सैनिक झालो होतो, आईनं माझ्या शर्टाला सगळी मेडल्स सेफ्टी पिननं लावून दिली. आबांनीच डबा काढून दिला होता, कुरकुर नाही काही नाही. स्पर्धा झाली, मग मैदानात लंगडी आणि पळापळी, आणि घरी येऊन बघतो तर सहा. मी दाराशीच रडायला लागलो. आबांनी मेडल्स मोजली, रुमालात घातली, डबा बंद केला, आणि मला विचारलं, "जेवलास का?" एवढंच. त्यानंतर ३१ वर्षं जगले, एकदाही त्या ताऱ्याचा विषय काढला नाही, ना रागात ना गमतीत.

तो तारा कशाचा होता ते मला फार नंतर कळलं. ७१ ला आबा १ मराठामध्ये, म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत होते, जंगी पलटण म्हणतात तिला, १७६८ सालची. पूर्वेला, जमालपूरच्या लढाईत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जमालपूर हे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठचं गाव, तिथे ३१ बलूच ही त्यांची पलटण पक्के बंकर करून बसली होती. आपले ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी त्यांच्या कमांडरला शरण या असं पत्र पाठवलं, एका म्हाताऱ्या माणसाच्या हाती, सायकलवरून. उत्तर आलं त्याच्या सोबत कागदात गुंडाळलेली एक गोळी होती. आबा म्हणायचे आम्हाला हे पत्राबित्राचं नंतर लंगरमध्ये कळलं, आम्ही तेव्हा नदी ओलांडून गावाच्या मागच्या अंगाला टांगाईलच्या रस्त्यावर खड्डे खणून बसलो होतो, पळून जायची वाट अडवून. १० डिसेंबरच्या रात्री ते लोक अंधारात रस्त्यानं बाहेर पडायला आले आणि सरळ मराठ्यांच्या पोझिशनवर आले. ११ ला सकाळी जमालपूर पडलं. ही सगळी माहिती मी पुढे वाचून गोळा केलेली. आबांच्या तोंडून एवढंच यायचं की "थंडी लय होती रं", आणि मग ते उठून गोठ्यात जायचे. एकदा मी नेट लावून विचारलं की आबा तुम्ही किती जण मारले, तेव्हा मी कॉलेजात होतो, अक्कल नव्हती. ते म्हणाले सकाळी उजाडल्यावर रस्ता बघितला, ती पण पोरंच होती. परत मी विचारलं नाही.

पण एक गोष्ट ते खुलून सांगायचे. ११ तारखेलाच टांगाईलजवळ आपली २ पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, उतरली होती, विमानातून छत्रीनं, पुंगली पूल ताब्यात घ्यायला. आता २ पॅरा म्हणजे मुळातली ३ मराठा, १९५२ ला तिचं पॅरा झालं, म्हणजे माणसं तीच आपलीच. १२ तारखेला १ मराठा वरून रस्त्यानं उतरत तिथे पोचली आणि दोन पलटणी भेटल्या. आबांना तिथे आमच्या शेजारच्या गावचा माणूस भेटला, भरतीला दोघं एकाच गाडीत बसून बेळगावला गेले होते. बंगालच्या मुलखात, अंधार पडत आलेला, आणि समोरून सातारी मराठीत हाक. दोघांनी पहिली चौकशी काय केली असेल तर औंदा ज्वारी कशी आहे. हे सांगताना आबांचा चेहरा वेगळाच व्हायचा. तो शेजारच्या गावचा माणूस २००६ ला गेला, तोवर दर दसऱ्याला सोनं द्यायला हे चालत त्याच्याकडे, नाहीतर तो चालत आमच्याकडे.

तर असा तो तारा. मी दुकानात पहिल्या दिवशीच सांगितलं की एक हरवलंय, तुमच्याकडे तसंच मिळेल का. त्यांच्याकडे रेप्लिका असतात, ब्लेझरवर लावायला माणसं घेतात. मालकांनी ड्रॉवरमधून काढून दिला, पाच टोकांचा तांबूस रंगाचा तारा, नवाकोरा, ३५० रुपये. हुबेहूब. मी हातात घेतला, मागे पालथा करून बघितला, आणि मागची बाजू कोरी. बाकीच्या सहांवर त्यांचं नाव आहे आणि याच्यावर काहीच नाही. मालक काही बोलले नाहीत, त्यांना ३५० ची विक्री होती तरी गप्प उभे राहिले, त्याचं मला फार वाटलं. मी तो परत ठेवला आणि म्हटलं नको. मग ते म्हणाले, एक करू, पूर्वी स्टारची खरी रिबिन माझ्याकडे आहे, ती त्याच्या जागेवर पहिली लावू आणि खाली जागा मोकळी सोडू, ज्याला कळतं त्याला कळेल की सुभेदार साहेबांना हे मिळालं होतं. मी हो म्हणालो. रिबिनीचे ४० रुपये.

आता कामाच्या क्वालिटीबद्दल, कारण शेवटी त्यासाठीच तुम्ही वाचताय. डिंक, फेविक्विक, डबल टेप कुठेच नाही. सगळं शिवलेलं. याला ते कोर्ट माउंटिंग म्हणतात, म्हणजे रिबिन मेडलच्या मागे खालपर्यंत जाते आणि मेडल त्याच्यावर टाक्यांनी धरलेलं असतं, त्यामुळे हलत नाही आणि एकमेकांवर आपटून चरे पडत नाहीत. उद्या काढायचं म्हटलं तर धागा कापला की मेडल जसंच्या तसं हातात. जुन्या रिबिनींपैकी दोनच बदलल्या, ज्यांना कसर लागली होती, बाकीच्या विटलेल्या असल्या तरी ठेवा म्हणाले आणि बरोबर होतं ते. काढलेल्या जुन्या दोन रिबिनी पण फेकल्या नाहीत, पाकिटात घालून, वर कुठल्या मेडलची ते लिहून मला परत दिल्या.

पाठीला लाल मखमल मी मागितली होती, त्यांनी ब्लेझरचं गडद हिरवं कापड सुचवलं, लाईट इन्फंट्रीच्या बेरेच्या रंगाजवळचं. म्हणाले मखमल ओल धरते आणि त्याच्यावर मेडल उठून दिसत नाही. कापड लावल्यावर बघितलं तर खरंच, मखमलीवर जे लग्नाच्या अल्बमसारखं दिसलं असतं ते इथे शांत दिसतं. पेटी दीड इंच खोल आहे, पुढे काचेऐवजी ॲक्रिलिक घेतलं कारण गावाला एसटीनं न्यायची होती. मागे एक लांब पाकीट चिकटवून दिलंय, त्यात मी डिस्चार्ज बुकाच्या, म्हणजे त्यांच्या फौजेतल्या नोकरीच्या नोंदींच्या पुस्तकाच्या, कलर झेरॉक्स ठेवल्या, ओरिजिनल नाही, ओरिजिनल बँकेच्या लॉकरला. ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका आणि दुपारचं ऊन थेट पडेल तिथे लावू नका, रिबिनीचे रंग उडतात, हे त्यांनी दोनदा बजावलं.

आता तक्रारी. पंधरा दिवस सांगितले आणि पाच आठवडे लागले. मधल्या काळात मी अकरा फोन केले असतील, दोनदा उचलला. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसायच्या आणि उत्तर नाही. माझी मेडल्स, म्हणजे आबांची, त्या दुकानात आणि फोन लागत नाही, रात्री झोप येत नव्हती मला, खोटं नाही सांगत, एकदा हरवलेलं असताना परत हरवलं तर काय तोंड दाखवायचं. शेवटी शनिवारी जाऊन बसलो तर कळलं की कारागिराच्या घरी आजारपण होतं आणि मेडलची शिलाई मालक दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. हे कारण मला पटलं, पण एक मेसेज टाकायला काय लागतं. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसातला फ्रेम हातात आली आणि रात्रीच्या गाडीनं मी गावाला निघालो.

दुसरी तक्रार फोटोची. फ्रेममध्ये एक फोटो पण घालायचा होता, ७२ सालचा, ब्लॅक अँड व्हाइट, कोपरा खाल्लेला. ते काम हे बाहेर देतात. पहिल्यांदा जो आला त्यात आबांच्या हनुवटीवरचा वण गायब, कातडी पिठासारखी गुळगुळीत, डोळे पण कोणातरी हिरोचे. मी म्हटलं हे आमचे आबा नाहीत. मालकांनी वाद न घालता परत पाठवला, पैसे घेतले नाहीत, दुसऱ्यांदा फक्त फाटका कोपरा आणि डाग तेवढे काढले, वण जागेवर. फोटो दुरुस्तीला दिला तर आधीच सांगा की चेहऱ्याला हात लावायचा नाही.

आणि आता ती ४५ ची गोष्ट. खाली पितळी पट्टी असते, नाव, रँक, पलटण आणि वर्षं. त्यांच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी १९५१–१९७९ असं लिहून ठेवलं होतं. सगळे असंच करतात म्हणाले, नोकरीची वर्षं. मला ते बघून बरं वाटलं नाही. मी म्हटलं मला १९३२–२०२४ पण पाहिजे. कारण माझ्या आठवणीतला जो सुभेदार आहे तो सगळा ७९ नंतरचा आहे. आधी काही वर्षं पिंपरीला कंपनीत सिक्युरिटीची नोकरी, आणि मग गावाला येऊन शेती, आणि दर मंगळवारी सातारा. दर मंगळवारी. सकाळच्या एसटीनं, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत दुसऱ्यांचे कागद. जिल्हा सैनिक बोर्डात कोणाच्या विधवेची फॅमिली पेन्शन अडकलीय, कोणाच्या नावात एक अक्षर चुकलंय म्हणून रेकॉर्ड ऑफिसचं पत्र परत आलंय, कोणाच्या पोराला सैनिकी वसतिगृहात घालायचंय, हे सगळं आबा करायचे. आमच्या पंचक्रोशीत अशा किती बायका होत्या ज्यांना नवऱ्याचा आर्मी नंबर माहीत नव्हता, आबांच्या वहीत तो असायचा. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी सगळ्या म्हाताऱ्यांना जीपमध्ये घालून बँकेत न्यायचे, पैसे स्वतःचे. पुढे ते अंगठ्यावर आलं तर आबांचाच अंगठा लागेना, शेतात घासून रेषा गेल्या होत्या, मशीन नाही नाहीच म्हणायचं. २०२३ च्या नोव्हेंबरात मी मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरून चेहऱ्यानं दाखला काढला, पापणी मिटा म्हणतंय आबा, म्हटल्यावर हुकूम असल्यासारखी त्यांनी ती मिटली. वन रँक वन पेन्शनची थकबाकी हप्त्याहप्त्यानं आली ती माझ्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीला गेली, आणि आपल्या आधी इतर कोणाकोणाचे हप्ते आलेत ते वहीत टिक करून ठेवायचे.

याचं मेडल नसतं, मला कळतं. पण नुसतं १९७९ ला थांबवलेलं मला चालणार नव्हतं. हे सगळं मी काउंटरवर उभा राहून बोललो बहुतेक, गिऱ्हाईक थांबलं होतं. मालकांनी ऐकून घेतलं आणि पट्टी नवीन करून दिली, वर १९३२–२०२४, खाली बारीक अक्षरात नोकरीची वर्षं. पट्टीचे ३०० जास्त लागले. फ्रेम, शिलाई, रिबिनी, फोटो, पट्टी सगळं धरून ७,८०० रुपये झाले. महाग वाटेल, मला पण आधी वाटलं होतं. काम बघितल्यावर वाटलं नाही.

वर्षश्राद्धाला आजूबाजूच्या गावांतले माजी सैनिक आले होते, गेल्या वर्षी अंत्यविधीला पण हेच आले होते, बेरे घालून, रांगेत उभे राहून सॅल्यूट केला होता आणि मग "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय", तो आवाज अजून कानात आहे. यातले एक जुने हवालदार फ्रेमपुढे उभे राहिले, डावीकडून बघायला सुरुवात केली आणि पहिल्याच रिबिनीवर थांबले. "पूर्वी स्टार," म्हणाले. "जमालपूर." खाली तारा नाही याच्याबद्दल एक शब्द नाही. म्हणजे दुकानदाराचं बरोबर होतं.

आजी ८७ ची आहे, तिला आता नीट दिसत नाही, तिनं बोटं फिरवत फिरवत बघितली आणि मोकळ्या जागेवर हात आल्यावर विचारलं, इथलं कुठंय. मी म्हटलं आजी ते मी चौथीत हरवलं होतं. ती म्हणाली, "ठाव हाय की. तीन दिस रोज पहाटं बॅटरी घेऊन जायचे शाळंच्या मैदानात. पोरांनी यायच्या आत माघारी यायचे. तुला सांगायचं न्हाई म्हणले." बत्तीस वर्षांनी मला हे कळलं, सगळे पंगतीला बसले होते आणि मी आतल्या खोलीत.

फ्रेम आजीच्या पलंगासमोर लावलीय, ऊन येत नाही तिथे. आत्याला पितांबरीचं सांगून झालंय.

दुकानात जाताना: सोमवारी बंद, दुपारी दोन ते चार जेवणाची सुट्टी, गाडी मेन रोडला लावून चालत या कारण गल्लीत दुचाकी पण उभी करायला जागा नाही. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. डिस्चार्ज बुक सोबत न्या, त्यात कुठली मेडल्स मिळाली ती लिहिलेली असतात आणि क्रम लावायला त्यांना त्याचा उपयोग होतो. आणि पट्टीवर कुठली वर्षं पाहिजेत ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.